कुत्रेघरातून दिसणारा फ्रेंच सरदार: गॅस्टन फेबस कसा वाचावा

मध्ययुगाच्या अखेरीस फ्रान्समधला मोठा सरदार कसा जगायचा, हे जाणून घ्यायचं असेल तर चिलखतं आणि तलवारी तूर्त बाजूला ठेवा आणि कुत्र्यांपासून सुरुवात करा. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे माझा कल तिकडे असणारच. पण फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा धनी, फॉआचा काउंट गॅस्टन फेबस (1331–1391) यानेच 1 मे 1387 रोजी शिकारीवर ग्रंथ लिहायला घेतला आणि त्यात कुत्र्यांना मानाची जागा दिली. शस्त्र, प्रेम आणि शिकार या तीन गोष्टींत आपण आयुष्यभर रमलो, असं तो सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या दोन्हींत आपल्याहून सरस पुष्कळ झाले हे तो मान्य करतो. शिकारीत मात्र तो कुणाला सहजासहजी गुरू मानत नाही.

या ग्रंथाची सर्वांत देखणी प्रत फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यांच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर ‘फ्रान्से 616’ असं रोमन लिपीत (Français 616) शोधलं की ती मोफत उघडते. आत 87 चित्रं आहेत. सगळी एका बैठकीत पाहू नका. आणि एक लक्षात ठेवा, ही चित्रं पॅरिसमध्ये पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, फेबसच्या मृत्यूनंतर रंगवलेली आहेत. शब्द त्याचे, पण कपड्यांची तऱ्हा पुढच्या पिढीची. पोशाखावरून त्याच्या काळाबद्दल निष्कर्ष काढायचे असतील तर जपून काढा.

आधी कुत्रेघराचं प्रकरण घ्या, आणि हे मात्र अगदी सावकाश वाचा. कुत्री पुष्कळ असतील तर घर दहा वाव लांब, पाच वाव रुंद हवं (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरेल तेवढी लांबी). पुढे एक दार, मागे एक दार. मागच्या बाजूला दिवसभर ऊन मिळेल असं कुंपण घातलेलं हिरवळीचं अंगण, आणि ते दार कायम उघडं, म्हणजे कुत्र्यांना वाटेल तेव्हा बाहेर जाता येतं. मूत वाहून जायला गटार. कुत्र्यांनी तंगडी वर करावी म्हणून पेंढा गुंडाळलेले खुंट. वर माळा, म्हणजे हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. भिजून आलेल्या कुत्र्यांना शेकायला धुराडं असलेली चूल. रोज सकाळी झाडलोट, जुना पेंढा काढून नवा, पाणी दोन्ही वेळा ताजं. रोज सकाळी एकेका कुत्र्याला विंचरायचं आणि पेंढ्याच्या बोळ्याने अंग पुसायचं. कोवळं गवत उगवतं तिथे त्यांना न्यायचं, कारण ते खाऊन त्यांचं पोट साफ होतं. यातल्या बहुतेक सूचना मी आजही डोळे मिटून देईन.

आता या सगळ्या कामांत कोण कोण आहे ते शोधा. सात वर्षांच्या आसपासचा एक पोरगा इथे कामाला लागतो. सगळ्या कुत्र्यांची नावं आणि रंग पाठ करतो, आणि कुत्री भांडू नयेत म्हणून रात्री त्यांच्यातच झोपतो. पुढे मोठा होऊन तो पारधी होणार. सरदाराच्या आयुष्यात किती माणसं गुंतलेली असत, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. आजारी कुत्र्यांच्या चित्रातही तेच पाहा: कुणी जबडा उघडून बघतोय, कुणी पंजा हातात धरलाय. धन्याचं त्यात कुठेच काम नाही.

धनी भेटतो शिकारीच्या सकाळच्या मेजवानीत. पारधी पहाटे रान धुंडाळून आलेले असतात आणि नर हरणाच्या लेंड्या गवतात गुंडाळून शिंगाच्या कर्ण्यात घालून आणतात. लेंडीचा आकार आणि पोत पाहून कोणत्या हरणामागे कुत्री सोडायची ते ठरतं. ही पारख धन्यालाही असावी लागे.

एवढं झालं की मग राजकारणाकडे वळा. 1362 मध्ये लोनाकच्या लढाईत फेबसने आपला प्रतिस्पर्धी, आर्मान्याकचा काउंट, याला हरवलं आणि पकडलेल्या सरदारांच्या खंडणीतून तो गबर झाला. कुत्र्यांचा हा पसारा कशावर पोसला जात होता, ते इथे कळतं. सोबत त्या काळचा बखरकार फ्रुआसार याचा वृत्तांत ठेवा. तो 1388 मध्ये ऑर्थेजला फेबसच्या दरबारी राहिला. मध्यरात्रीचं जेवण आणि समोर बारा मशाली धरून उभे असलेले सेवक त्याने नोंदवलेत. 1380 मध्ये फेबसच्या हातून त्याच्या एकुलत्या औरस मुलाचा मृत्यू झाला, तेही तिथेच वाचायला मिळेल. ते टाळू नका. कुत्र्यांच्या पायांची इतकी काळजी करणारा माणूस तोच होता.

पिसाळलेल्या कुत्र्यांचा भाग वाचताना थांबा. चावलेल्या माणसाला समुद्राच्या नऊ लाटा अंगावरून जाऊ देण्याचा उपाय तिथे आहे, आणि त्याचा फारसा उपयोग नाही हेही तिथेच लिहिलंय. आज कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्यायला जा.

जुनी फ्रेंच येत नसेल तर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने मूळ ग्रंथानंतर वीसेक वर्षांनी केलेलं इंग्रजी भाषांतर घ्या. त्याने काही प्रकरणं पदरची जोडली आहेत, ती वेगळी काढून वाचा. हा एडवर्ड 1415 मध्ये आझिंकूरच्या रणात, फ्रेंच सरदारांशी लढताना पडला.