मालट्रकच्या डिझेल इंजिनाचा धूर कसा कमी करावा
वाशीच्या बाजार समितीत किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात येणारा ट्रक काळा धूर सोडू लागला, तर आधी एअर फिल्टर आणि मग डिझेल फवारणारे इंजेक्टर तपासावेत. कारण हवा कमी पडली किंवा डिझेलचा फवारा बारीक झाला नाही, तर इंधन अर्धवट जळून काजळी होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या ट्रकमध्ये ही काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीत अडते आणि ती जाळण्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. म्हणून एरवी रांगेत रखडणारी गाडी अधूनमधून मोकळ्या महामार्गावर सलग चालवावी. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू कमी करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे प्रमाणित द्रावणच भरावे. शेतीचा युरिया पाण्यात कालवण्याची काटकसर हे वायू निष्प्रभ करणाऱ्या एक्झॉस्टमधल्या उत्प्रेरकाच्या मुळावर येते. माल उतरेपर्यंत इंजिन बंद ठेवावे.