गावचं घर भाड्याने देताना: काय द्यायचं आणि काय कुलपात ठेवायचं

आपण मुंबईत नाहीतर पुण्यात, कोकणातलं गावचं घर वर्षभर बंद, उघडणार फक्त गणपतीत नि शिमग्याला, आणि उघडलं की पहिले दोन दिवस कोळिष्टकं काढण्यात नि वाळवी झाडण्यातच जातात. म्हणून आता बरेच चाकरमानी घर भाड्याने देतायत आणि ते बरंच आहे. भाडेकरू पण मिळतात, बँकेत बदली होऊन आलेले, शाळेतले शिक्षक, लोट्याच्या एमआयडीसीतले, जयगडच्या बंदरावरचे, दापोलीला कृषी विद्यापीठातली पोरं. फक्त शहरातल्या फ्लॅटचा हिशोब इथे लावू नका, कारण आपल्या घराबरोबर विहीर येते, वाडी येते, देवघर येतं आणि बहुतेक वेळा दोनचार काकांचे हिस्सेपण येतात.

तर आधी घर कागदावर कोणाचं आहे ते बघा. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा काढा, निम्म्या घरांची घरपट्टी अजून आजोबांच्याच नावाने येते. घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांकडून सही केलेलं संमतीपत्र घ्या, फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला म्हणजे संमती झाली असं नसतं. भाडं कोणाच्या खात्यात येणार, त्यातून घरपट्टी नि डागडुजी कोण करणार, उरलेलं कसं वाटायचं हेपण त्यातच लिहा. भाडेकरू बिचारा वेळेवर पैसे देत असतो, भांडणं लागतात ती भावकीत.

मग ठरवा की नेमकं काय देताय. देवघर आणि त्याला लागून एक खोली स्वतःकडे ठेवा, शक्यतो तिचा दरवाजा वेगळा काढा, म्हणजे गणपतीत तुम्ही आलात तर कोणाला उठवावं लागत नाही. "गणपतीत पाच दिवस तेवढे बाहेर राहा हां" असं आयत्या वेळी सांगणं बरोबर नाही, तो महिन्याचं पूर्ण भाडं देतोय. करारात सरळ असं लिहायचं: "ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर व मागची पडवी वापरण्यास दिली आहे. देवघर व त्यालगतची खोली मालकाच्या ताब्यात राहील व तेथे जाण्यायेण्यास हरकत घेता येणार नाही. वाडीतील झाडांचे उत्पन्न मालकाचे राहील." शेजारची काकू रोज दिवा लावायला येत असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर बिचाऱ्या नव्या माणसाला कळतच नाही की ही बाई सकाळी सकाळी घरात कुठून आली.

आंब्याची कलमं कोणा बागायतदाराला कराराने दिलेली असतील तर मार्चपासून माणसं आवारात येणार, घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीवाली काठी, घेऊन झाडावर चढणार, हे पण भाडेकरूला माहीत पाहिजे. बाकी दोन नारळ चटणीला घेतले किंवा एखादा फणस फोडला तर त्यावरून फोन करत बसू नका.

आता कागद. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागतं ही समजूत सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 जिथे लागू आहे तिथे त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर झालेला लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं. लीव्ह अँड लायसन्स म्हणूनच करा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी. खर्च म्हणाल तर स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून ते मिळवतात. म्हणजे महिना 9000 भाडं, 30 हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर ड्युटी अडीचशेच्या आसपास येते. रजिस्ट्रेशन फी ग्रामीण भागात 500, नगरपालिका हद्दीत 1000. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्याचं मशीन लागतं, तालुक्याला एजंट असतात ते घरी येऊन करून देतात, त्याची फी आधी विचारून घ्या. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्या, ओळखीतला असला तरी द्या.

पावसाचं मात्र बसून नीट बोला, कारण कोकणातल्या घराचा खरा खर्च तिथेच आहे. मे महिन्यात कौलं परतायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या, हे मालकाने स्वतःच्या खर्चाने करायचं आणि त्या दिवशी भाडेकरूने वरच्या सामानाची आवराआवर करायची, असं ठरलेलं बरं. मधेच माकडांनी कौलं फोडली तर कोणाला बोलवायचं त्या गड्याचा नंबर देऊन ठेवा आणि किती रुपयांपर्यंतचं काम तुम्हाला न विचारता करून भाड्यातून वळतं करायचं तेही लिहा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात छपरंच्या छपरं गेली, 22 जुलै 2021 ला चिपळुणात घरांत पाणी शिरलं. अशा वेळी घर राहण्यासारखं नसेल तोवर भाडं थांबणार का, हे आधी ठरलेलं नसलं की मग फोनवर तोंडं वाकडी होतात.

विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये किती खाली जातं ते खरं सांगा, लपवून काही फायदा नाही, तो तिथेच राहणार आहे. पंप जळला तर कोणी भरायचं ते लिहा. महावितरणचं मीटर तुमच्या नावावर असतं, तर ग्राहक क्रमांक स्वतःच्या मोबाईलच्या अॅपमध्ये टाकून ठेवा, बिल थकलं की लगेच दिसतं. करारात "फक्त राहण्यासाठी" असं लिहा, उद्या कोणी ओटीवर खानावळ काढली तर लाईटचा दर बदलतो.

चावी देताना मीटरचं रीडिंग, प्रत्येक खोली, दारांच्या चौकटी खालपासून वरपर्यंत असा व्हिडिओ काढा आणि दोघांच्या व्हॉट्सअॅपवर ठेवा. समुद्राजवळ ग्रील, बिजागऱ्या गंजणारच, ते डिपॉझिटमधून कापू नका. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं घ्या, त्याहून जास्त मागितलं तर गावात चांगला भाडेकरू मिळायचा नाही.

टॅक्सचं थोडक्यात, भाडं उत्पन्नात दाखवावं लागतं, त्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्याच्या 30 टक्के सूट मिळते. तुम्ही दुबई-मस्कतला असाल आणि एनआरआय असाल तर भाडेकरूला भाड्यातून टीडीएस, म्हणजे टॅक्स आधीच कापून भरावा लागतो, त्याला ते माहीत नसणार, तुम्हीच सीएला विचारून सांगा.

करार संपायच्या महिनाभर आधी फोन करा, राहायचं असेल तर नवीन करार रजिस्टर करा, जुन्यावरच पुढे ढकलत राहू नका. आणि जात नसला तर लाईट-पाणी तोडायला जाऊ नका, केस उलट तुमच्यावरच पडते. रजिस्टर करार हातात असला तर त्याच भाडे कायद्याच्या कलम 24 खाली घर रिकामं करून मिळावं म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांची दुप्पट भरपाई मागता येते, त्यासाठी मूळ करार आणि भाड्याच्या बँक एन्ट्र्या एका फाईलला लावून मुंबईच्या घरीच ठेवा.