खरा रिव्ह्यू लिहा, पण या चुका टाळा

मालवणला होम-स्टे शोधायचा असो की नवा दाताचा डॉक्टर, आपण आधी लोकांचे रिव्ह्यू वाचतो. ते कुणीतरी स्वतःचा वेळ घालून फुकट लिहिलेले असतात. आपल्यावर लिहायची वेळ आली की मात्र हात आखडतो. "उगाच वकिलाची नोटीस आली तर?" ही भीती अगदीच निराधार नाही. पण रिव्ह्यू लिहिणारे अडचणीत येतात ते बहुतेकदा अनुभव सांगितला म्हणून नव्हे, तर रागाच्या भरात त्याच्यापुढे जाऊन काहीतरी लिहिलं म्हणून.

विशेषणं नकोत, घटना लिहा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "चोर आहेत", "फ्रॉड कंपनी", "भेसळ करतात" हे शब्द लिहायला दोन सेकंद लागतात. पण चोरी, फसवणूक, भेसळ हे गुन्हे आहेत. तसा आरोप केला की तो सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे, आणि कंपनीचीही अब्रुनुकसानी होऊ शकते. त्याच कलमात अपवादही दिलेले आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेनं केलेलं विधान अब्रुनुकसानी ठरत नाही. प्रामाणिक रिव्ह्यूचा आधार हाच आहे, तो स्वतःच्या हातानं घालवू नका.

मग "लुटारू हॉटेल" ऐवजी काय लिहायचं? "शनिवारी एसी खोली घेतली. एसी रात्रभर बंद होता. दोनदा काउंटरवर सांगितलं, कुणी आलं नाही. सकाळी पैसे कमी करा म्हटलं तर नकार मिळाला." यात एकही शिवी नाही, आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. शेवटी "मी इथे पुन्हा जाणार नाही" असं बेधडक लिहा. ते तुमचं मत आहे आणि मत मांडायचा हक्क संविधानाच्या कलम 19 नं दिलेला आहे. ऐकीव गोष्टी मात्र टाळा. शेजाऱ्याला आलेला अनुभव शेजाऱ्यानं लिहावा. वेटर किंवा रिसेप्शनवरच्या मुलीचं नाव, फोटो टाकू नका. तुमची तक्रार व्यवसायाविषयी आहे.

पुरावा नंतर शोधू नका

बिल, यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, तुटक्या वस्तूचा फोटो हे सगळं लिहिण्याआधी एका जागी ठेवा. टाकलेल्या रिव्ह्यूचा तारखेसह स्क्रीनशॉटही घ्या. बिलाचा फोटो टाकणार असाल तर त्यावरचा मोबाइल नंबर झाका.

नोटीस आली म्हणून लगेच पुसू नका

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. ती समोरच्या पक्षाची बाजू असते. घाबरून रिव्ह्यू पुसला की तुमच्यानंतर जाणाऱ्या प्रत्येकाचं नुकसान होतं, आणि दडपण आणलं की काम होतं हे व्यावसायिकाला कळतं. पण नोटीस दुर्लक्षून फडताळात टाकणंही चूकच. तुमचा मजकूर पुन्हा वाचा. तारीख, रक्कम चुकली असेल तर दुरुस्त करा आणि वकिलाकडून उत्तर पाठवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. फोन नंबर 15100. आणि एक लक्षात असू द्या: गूगलवरचा तुमचा रिव्ह्यू दुकानदाराला स्वतः पुसता येत नाही. तो फक्त गूगलकडे तक्रार करू शकतो. शिवीगाळ असेल तर ती तक्रार टिकते, म्हणूनही भाषा जपा.

न वाचता सही

"ग्राहक कोणतीही नकारात्मक प्रतिक्रिया देणार नाही" अशी ओळ करारात किंवा रिफंडच्या कागदावर घुसवलेली असू शकते. अमेरिकेत युटाहमधल्या एका जोडप्याकडे क्लिअरगिअर या कंपनीनं अशाच कलमाच्या नावाखाली 3,500 डॉलर मागितले होते. 2014 मध्ये तिथल्या कोर्टानं उलट त्या जोडप्यालाच तीन लाखांहून जास्त डॉलरची भरपाई मंजूर केली. डिसेंबर 2016 मध्ये तर अशी छापील कलमं रद्दबातल ठरवणारा कायदाच तिथे झाला. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मंडळींनी तो माहीत करून घ्यावा. आपल्याकडे रिव्ह्यूसाठी असा वेगळा कायदा नाही, तो व्हायला हवा असं मला ठाम वाटतं. तोवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली अनुचित कराराची तरतूद हाताशी आहे. अशा कराराविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तरी अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी ती खोडायला सांगा.

भाऊ, मेव्हणा, मित्र यांच्याकडून एक-एक स्टार टाकवून घेऊ नका. ते खोटे रिव्ह्यूच, आणि त्यांच्या गर्दीत तुमचा खराही संशयास्पद ठरतो.

रिव्ह्यू लिहून पैसे परत येतील असं समजू नका

रिव्ह्यू इतरांना सावध करतो. तुमच्या पैशांसाठी तक्रारच करावी लागते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पैसे परत मिळाले तर रिव्ह्यू पुसू नका, खाली तेवढं जोडा: "तक्रारीनंतर पूर्ण रक्कम परत दिली."