डाएट चालू असताना डोकं धरलं तर: गोळीच्या आधी काय करायचं

"काकू, डोक्याची गोळी आहे का?" असं विचारत मुलगी दाराशी आली की मी तिला आधी दोन गोष्टी विचारते. शेवटचं नीट जेवलीस कधी? आणि आज चहा किती झाले?

पुण्यात पेठेतल्या एका मुलींच्या वसतिगृहाचं काम मी बघते. त्याआधीची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात, मेडिसिनच्या वॉर्डात, परिचारिका म्हणून झाली. इथल्या बहुतेक मुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आलेल्या आहेत, दिवस अभ्यासिकेत जातो. बसून बसून वजन वाढतं, मग एक दिवस डाएट सुरू होतं, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी डोकं धरायला लागतं. त्यांना जे समोर बसवून सांगते ते इथे लिहिते आहे. हे दुखणं बहुतेक वेळा खाल्ल्याने थांबतं. गोळीने ते नुसतं झाकलं जातं आणि उपाशी राहणं तसंच चालू राहतं, याची मला जास्त काळजी वाटते.

भुकेचं दुखणं ओळखायचं कसं

भुकेने दुखणारं डोकं सहसा ठणकत नाही. कपाळ किंवा सगळंच डोकं जड होतं, दाबून धरल्यासारखं वाटतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या प्रकाराची वेगळी नोंद आहे: किमान ८ तास पोटात काही नसताना होणारी आणि खाल्ल्यावर कमी होणारी डोकेदुखी. आठ तास म्हणजे फार वाटतात, पण हिशेब करून बघा. संध्याकाळी सात वाजता वाटीभर सूप, सकाळी नुसता ग्रीन टी, आणि पहिला घास अकरा वाजता. सोळा तास झाले. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना एवढंही लागत नाही. जेवण दोन-तीन तास लांबलं तरी एक बाजू ठणकायला लागते, उजेड सहन होत नाही, उलटीची भावना येते.

बरोबरीने आणखी काही दिसतं का तेही बघा. हात थरथरणं, उगाच चिडचिड होणं, एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात न शिरणं, आणि मुख्य म्हणजे भुकेची जाणीवच नसणं. "पण मला भूक नाहीये" असं मुली सांगतात. भूक मारत राहिलं की ती काही काळ गप्प होते, मेंदूची गरज मात्र तशीच असते. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि रोजच्या खाण्यात त्याला मुख्यतः ग्लुकोजच लागतं. यकृतात साठवलेलं ग्लुकोज साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. रात्रीच्या झोपेत त्यातलं बरंच संपतं.

इथे एक गैरसमज फार आहे. कुणीतरी घरच्या मशीनवर साखर तपासतं, आकडा ८५ येतो, आणि मग "साखर तर नॉर्मल आहे, म्हणजे भुकेचं नाही" असं ठरतं. साखर धोक्याच्या खाली न जाताही उपाशीपोटी डोकं दुखतं. त्या आकड्यावर विसंबून उपास लांबवू नका. तसंच मळमळ आहे म्हणून पित्ताची गोळी घेऊन रिकाम्या पोटी झोपायचं, हेही नको.

आत्ता दुखतंय, तर आत्ता

खाली बसा आणि दोन घास खा. सगळ्यात सोपं म्हणजे एक केळं आणि मूठभर शेंगदाणे. ते नसेल तर राजगिऱ्याचा लाडू आणि कपभर दूध, किंवा शिळी पोळी, दही, गूळ. नुसती चॉकलेटची वडी किंवा गोड सरबत घेतलं तर दहा मिनिटं बरं वाटतं आणि तासाभरात पुन्हा तेच, म्हणून गोडाबरोबर शेंगदाणे, दूध, दही, फुटाणे असं काहीतरी हवंच. फार मळमळत असेल तर लिंबाचं सरबत मीठ-साखर घालून घोट घोट प्या आणि पंधरा मिनिटांनी खा. एकदम ताटभर जेवू नका, उलटी होईल. मग अंधार करून पडा. तासाभरात बहुतेकींचं डोकं हलकं होतं. त्यानंतर व्यवस्थित जेवायचं. "आता बरं वाटतंय, मग रात्रीचं राहू दे" हे माझ्याकडे चालत नाही.

तासाभराने, पोटात अन्न गेल्यावरही दुखत असेल तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी घ्यायला हरकत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊच नका, जठराच्या आतल्या अस्तराला इजा होते. पॅरासिटामॉलचंही एक सांगते, कारण ते निरुपद्रवी समजून मुली एकामागोमाग एक घेतात. कित्येक दिवस पोटभर खाल्लेलं नसतं तेव्हा यकृताची हे औषध पचवण्याची ताकद कमी झालेली असते. आणि महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस वेदनाशामक घेणं तीन महिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडते. वॉर्डात अशा बायका मी खूप पाहिल्या.

घरातलं कुणी मधुमेहाचं इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल आणि त्यांनी डाएट केलं, तर मात्र प्रकरण वेगळं. डोकं दुखतंय, घाम फुटलाय, थरथर आहे, तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजूनही कमी असेल तर पुन्हा द्या, मग जेवायला वाढा. तपासायची सोय नसेल तरी साखर द्यायला थांबू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि खाणं कमी करण्याआधी औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यायचाच असतो.

चहा आणि मीठ

डाएट सुरू करताना मुली पहिल्याच दिवशी चहा सोडतात, साखर आणि दूध जातं म्हणून. अभ्यासिकेच्या खाली टपरीवर दिवसाला चार-पाच कडक चहा घेणारीने तो एकदम बंद केला तर चोवीस तासांच्या आत डोकं चढतं आणि पुढे आठवडाभरही पिच्छा सोडत नाही. हे कॅफिन सुटल्याचं दुखणं आहे. भुकेच्या दुखण्याशी ते मिसळतं आणि मग काहीच उमगत नाही. चहा सोडायचाच असेल तर दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. साखर आधी कमी करा, चहा नंतर. उलट टोकाचंही चुकीचंच: जेवणाच्या जागी चहा पिऊन भूक मारायची नाही.

मिठाचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोळी, भात, भाकरी सगळं एकदम बंद केलं की शरीरातला ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेलं ग्लुकोज, संपतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं तेही जातं. इन्शुलिन खाली येतं तसं मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यात काटा झर्रकन दीड-दोन किलो खाली जातो त्यातलं बरंचसं हे पाणी. मुली खूश होतात, आणि उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी ताक, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घालून, दुपारी एक मोठा पेला. वरणाचं पाणी, सूप यातलं मीठ काढू नका. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. पाणी पुरेसं होतंय का हे लघवीच्या रंगावरून कळतं. गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.

ताट पुन्हा लावा

आमच्या लातूरच्या एका मुलीने दिवसभराचं खाणं मला कागदावर लिहून दिलं होतं. सकाळी ग्रीन टी, दुपारी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दलिया, संध्याकाळी एक सफरचंद, रात्री टोमॅटोचं सूप. सगळं मिळून चारशे कॅलरीच्या आसपास. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची रोजची गरज १६६० कॅलरी आहे. वजन उतरवायला त्यातून तीनशे-चारशे कमी केले तरी पुरतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली जायचं नाही, हा माझा इथला नियम आहे आणि मी तो मोडू देत नाही.

पोळी सोडायची गरज नसते. चारच्या दोन करा आणि उसळ दुप्पट घ्या. सकाळी उठल्यापासून दीड तासाच्या आत काहीतरी खा: मुगाची दोन धिरडी, किंवा मोड आलेली मटकी घातलेले पोहे, किंवा दोन अंडी आणि एक पोळी. दुपारी एकच्या आत दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट उसळ किंवा आमटी, पालेभाजी, ताक. रात्री आठच्या सुमाराला भाकरी-पिठलं किंवा वरणभात आणि भाजी. तेल, शेव-फरसाण, गोड आणि संध्याकाळचा वडापाव, कात्री तिथे लावा. एका वडापावातच तीनशेच्या आसपास कॅलरी जातात.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते साडेचारचं खाणं. मुली नेमकं तेच गाळतात, कारण ते "मधलं" खाणं. पण दुपारच्या एकपासून रात्री नऊपर्यंत कोरडं राहायचं आणि त्यात चार तास डोळे फोडून वाचायचं, तर डोकं दुखणारच. मूठभर फुटाणे-शेंगदाणे, किंवा एक फळ आणि पेलाभर दूध. दीड-दोनशे कॅलरींनी वजन उतरायचं थांबत नाही, उलट रात्री मेसमध्ये ताटावर तुटून पडणं थांबतं. छोट्या डब्यात भरून अभ्यासिकेच्या पिशवीतच ठेवा, खाली उतरायचा कंटाळा येतो म्हणून राहतं.

पहाटे पर्वती चढायला जाणाऱ्यांनी निघताना अर्धं केळं किंवा दोन खजूर खावेत. रात्रीच्या हलक्या जेवणानंतर रिकाम्या पोटी पायऱ्या चढून आलं की आंघोळीच्या वेळीच डोकं धरतं.

संकष्टी असो की नवरात्र, डाएटवर उपास चढवू नका. उपास करायचाच असेल तर त्या दिवसापुरतं डाएट बाजूला ठेवा: वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा दुधात. संकष्टीचा चंद्रोदय रात्री उशिरा असतो, तोवर नुसत्या चहावर काढू नये. दिवसातून दोनदाच किंवा ठरावीक आठ तासांतच खायचं असेल, तर पहिल्या दिवसापासून सोळा तासांवर उडी नको. रात्रीच्या बारा तासांपासून सुरुवात करून दर आठवड्याला तासभर वाढवा आणि त्या दोन जेवणांत दिवसाचं खाणं पुरं बसवा. अर्धशिशीवाल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी आणि अठराच्या आतल्या मुलींनी हा मार्ग आपापला धरू नये.

खाऊनही थांबत नसेल तर

दोन आठवडे असं नीट खाऊनही डोकं दुखत राहिलं तर हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. त्यावर डाएट म्हणजे आधीच कमी त्यात आणखी कमी.

आणि काही दुखणी भुकेची समजून घरी थांबायचं नसतं. क्षणात उसळलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी; ताप आणि मान आखडणं; बोबडं बोलणं, हातापायातली ताकद जाणं, एकाची दोन दिसणं; फिट येणं; डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं; गरोदरपणात डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं. यातलं काहीही असलं तरी त्याच वेळी रुग्णालयात.

शेवटचं मैत्रिणींसाठी आणि आयांसाठी. एखादी मुलगी रोज डोकं दुखतंय म्हणते, पण खायला दिलं की टाळते, डबा परत आणते, तीन महिने पाळी आलेली नाही, केस गळताहेत, हाडं दिसायला लागली तरी "मी जाडच आहे" म्हणते, तर तिला डाएटचा तक्ता देऊ नका आणि "किती बारीक झालीस" असं कौतुकही करू नका. जबरदस्तीने भरवूही नका. तिच्याबरोबर बसून जेवा आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. मनाच्या आजारांसाठी सरकारची टेली मानस ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ती फोन करायला तयार नसेल तर तिच्यासाठी तुम्ही करा.