छोट्या रंगजुळणी गेमविषयी मत देताना या चुका टाळा

पुण्यात गेम खेळणारे आहेत तसे बनवणारेही आहेत. २०२० मध्ये आलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केला. मात्र रंग जुळवण्याचे किंवा जुन्या आर्केड धाटणीचे बरेचसे छोटे गेम याहून कितीतरी लहान पातळीवर, नोकरी सांभाळून, एखादा प्रोग्रॅमर एकट्याने बनवत असतो. त्याच्याकडे तपासणीचा वेगळा विभाग नसल्यामुळे पहिल्या काही खेळाडूंचे अभिप्राय हीच त्याची तपासणी ठरते. असे अभिप्राय वाचताना वारंवार जाणवते की खेळाडूला दिसलेला दोष खरा असतो, पण तो चुकीच्या माथी मारलेला असतो. कधी तो फोनच्या सेटिंगमध्ये असतो, तर कधी गेम पुरता उलगडण्याआधीच बंद केलेला असतो.

सर्वांत जास्त घोळ रंगांचा होतो. अनेकांच्या फोनवर ठरावीक वेळेला नाईट लाइट आपोआप सुरू होतो आणि पडद्यावरील निळ्या रंगाचे प्रमाण कमी करतो. वाचनासाठी ही सोय चांगली असली, तरी ज्या गेममध्ये पाच-सहा रंगांचे ठोकळे क्षणात ओळखायचे असतात, तिथे पांढरा आणि फिकट पिवळा जवळजवळ सारखे दिसू लागतात, जांभळा लालसर होतो आणि 'रंग नीट निवडलेले नाहीत' असा शेरा गेमवर बसतो. गंमत अशी की बहुतेक फोनवर काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नाईट लाइटचा परिणाम उतरतच नाही. त्यामुळे खेळाडूने पुरावा म्हणून पाठवलेल्या चित्रात सगळे रंग स्वच्छ वेगळे दिसतात आणि गेम बनवणारा कोड्यात पडतो. रंगांची तक्रार करण्यापूर्वी नाईट लाइट आणि रीडिंग मोड बंद करून एकदा खेळून पाहावे, आणि तरीही अडचण राहिली तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढून पाठवावा.

ही काळजी घेऊनही लाल आणि हिरवा वेगळे करता येत नसतील, तर प्रश्न वेगळा आहे. या रंगांतला फरक न कळण्यामागची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत ते एकच असते, त्यामुळे ही अडचण स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये बरीच जास्त आढळते. कित्येकांना ती मोठेपणापर्यंत कळतही नाही. इथे दोष निश्चितपणे गेमचा आहे आणि तो स्पष्ट शब्दांत सांगायला हवा. २००१ च्या 'बिज्वेल्ड'मध्ये प्रत्येक रत्नाला रंगासोबत स्वतंत्र आकारही होता, त्यामुळे आज नवा गेम केवळ रंगावर विसंबून राहत असेल तर त्याला सवलत देण्याचे कारण नाही. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागातील रंगसुधारणेची सोय तोपर्यंत वापरता येते, पण ती सगळ्या पडद्याचेच रंग बदलते, म्हणून ती तात्पुरती मलमपट्टीच समजावी.

'बोट लावल्यावर गेम उशिरा प्रतिसाद देतो' ही दुसरी नेहमीची तक्रार. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. बॅटरी सेव्हरमुळे फोन मंदावून हाच वेग ३० वर आला, तर हा काळ दुप्पट होतो आणि आर्केड गेममध्ये तो बोटाला जाणवतो. आवाजाचा उशीर मात्र पुष्कळदा ब्लूटूथ हेडफोनचा असतो. फुगा फुटल्यावर आवाज मागाहून येत असेल, तर हेडफोन काढून फोनच्या स्पीकरवर तीच लेव्हल खेळावी. फरक पडला, तर गेम निर्दोष आहे. जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात आणखी एका कारणाची भर पडते. बसथांब्यावर भुरभुर पावसात खेळताना काचेवर पडलेला थेंबही स्पर्श म्हणून नोंदला जाऊ शकतो आणि ठोकळा भलत्याच रांगेत जातो. तसेच सिव्हिल कोर्टाहून स्वारगेटकडे जाताना मेट्रोच्या भुयारात नेटवर्क गेले आणि ऑनलाइन यादीत स्कोअर चढला नाही, तर ते गेम अडखळल्याचे लक्षण नव्हे.

उपकरण तपासून झाले, तरी घाईने दिलेले मत चुकतेच. सवाई गंधर्व महोत्सवात विलंबित ख्याल सुरू असतानाच उठून जाणाऱ्याने गायकाच्या तानांविषयी बोलू नये, तसेच पाच मिनिटांत रंगजुळणीचा गेम बंद करणाऱ्याने त्याच्या खोलीविषयी बोलू नये. १९९१ च्या 'पुयो पुयो'मध्ये एकाच रंगाचे चार गोळे जुळले की ते नाहीसे होतात, एवढे कोणालाही पहिल्या मिनिटात समजते. खरा खेळ मात्र चार जुळवण्याची संधी मुद्दाम सोडून देऊन अशी रचना उभी करण्यात आहे की, एक गट नाहीसा होताच वरचे गोळे खाली येऊन पुढचा गट आपोआप जुळावा. 'पझल बॉबल'मध्येही जुळवून फोडलेल्या फुग्यांपेक्षा आधार तुटल्यामुळे खाली पडलेल्या फुग्यांना कितीतरी जास्त गुण मिळतात. हे न ओळखणारा खेळाडू एकेक फुगा फोडत राहतो आणि गेम कंटाळवाणा असल्याचे लिहितो. एखाद्या नव्या गेममध्ये स्कोअर अचानक उडी का घेतो, हे समजल्याशिवाय मत देऊ नये. अर्थात, तासभर खेळूनही ते उमगत नसेल, तर समजावून सांगण्यात गेम कमी पडला, असे म्हणायला हरकत नाही.

'गेम मुद्दाम हवा तो रंग देत नाही' या आरोपापूर्वी थोडे गणित करावे. पाच रंग समान शक्यतेने येत असतील, तर सलग दहा ठोकळ्यांत लाल एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते, म्हणजे हा प्रकार अधूनमधून घडणारच. आधुनिक 'टेट्रिस'मध्ये यावर तोडगा म्हणून सातही तुकड्यांचा संच पिसून एकेक तुकडा दिला जातो, त्यामुळे दोन सारख्या तुकड्यांमध्ये जास्तीत जास्त बाराच इतर तुकडे येऊ शकतात. 'रंगांची पाळी ठरवताना अशी काही मर्यादा घाला' ही सूचना उपयोगी आहे. 'गेम फसवतो' ही नाही.

आणि छोट्या गेमची तुलना 'कँडी क्रश'शी करणे सोडून द्यावे. शेकडो लेव्हल एकट्या माणसाकडून मागणे व्यर्थ आहे.

लिहिताना पुणेरी पाटीच्या थाटातला एका ओळीचा टोला हाणण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तो वाचणाऱ्याला हसवतो, पण दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आणि गेमची आवृत्ती, कोणती लेव्हल, शेवटची हालचाल कोणती होती आणि तसेच केल्यावर पुन्हा तेच घडते का, एवढे लिहिले तरी पुरते. स्पर्शाची तक्रार असेल, तर अँड्रॉइडच्या सेटिंगमधील डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'शो टॅप्स' सुरू करून पडदा रेकॉर्ड करावा, म्हणजे बोट नेमके कुठे आणि केव्हा टेकले ते व्हिडिओत दिसते. संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर मत केवळ शिफारस आहे किंवा नाही अशा दोनच प्रकारांत देता येते आणि सोबत खेळलेले तासही दिसतात. त्यामुळे एका बारीक दोषासाठी 'नाही' निवडण्यापूर्वी तो दोष मजकुरात लिहून भागते का, हे पाहावे. स्टीमवरील रिव्ह्यू नंतर बदलताही येतो. ज्या दोषासाठी तो नकारात्मक दिला होता तो पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला असेल, तर तीच लेव्हल पुन्हा खेळावी आणि रिव्ह्यूमध्ये नव्या आवृत्तीचा उल्लेख करून तसे नोंदवावे.