गोव्यात डायव्हिंग शिकायला येताय? फिन्स घेण्याआधी

पावसाळा सरला की ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या बोटी पुन्हा सुरू होतात आणि पुण्या-कोल्हापूरकडून कोर्सला येणाऱ्या मुलामुलींचे फोन येऊ लागतात. विचारायचं असतं ते बहुतेक वेळा एकच : फिन्स (पोहताना पायात घालायची पाती) कुठल्या घेऊ? लांब पात्याच्या की आखूड, प्लास्टिकच्या की रबरी, अमुक कंपनीच्या की तमुक? मी गोव्यातच डायव्हिंग शिकले आणि आता याच पाण्यात काम करते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. पातं मागाहून बघा, आधी आपलं पाऊल बघा, आणि मग ज्या समुद्रात उतरणार तो समुद्र बघा.

एका दिवसाच्या ट्राय डाइव्हसाठी, म्हणजे कोर्स न करता नुसता अनुभव घ्यायला, येत असाल तर काहीच विकत घेऊ नका. त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच फिरवतो, पायांना फारसं काम पडत नाही. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीच्या कोर्सचं वेगळं. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या कोर्सला पोहण्याची चाचणी असते : नुसतं पोहून 200 मीटर, किंवा मास्क, स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि फिन्स लावून 300 मीटर. शिवाय तरणतलावातला सराव आणि समुद्रात 4 डाइव्ह, जास्तीत जास्त 18 मीटर खोल. एवढ्याला सेंटरच्या फिन्स पुरतात. त्या वापरताना मात्र लक्ष ठेवा. कुठलं माप काचलं, कुठल्या पात्याने पोटऱ्या भरून आल्या, हे लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, लिहून ठेवा. दुकानात गेल्यावर हीच टिपणं कामाला येतात. आणि पैसे खर्चायचेच असतील तर पहिला मास्क घ्या.

फिन्स मुळात दोन जातींच्या. फुल फूटमध्ये अख्खं पाऊल आत जातं, ती अनवाणी किंवा पातळ मोज्यावर घालायची. ओपन हीलला टाच उघडी, मागे पट्टा आणि आत निओप्रिनचे (मऊ, फोमसारख्या रबराचे) बूट. पुढेही डायव्हिंग करायचं मनात असेल त्यांना मी ओपन हीलच सांगते. आपल्याकडे पाणी कोमट, थंडीसाठी बूट लागत नाहीत. पण दुपारी बोटीची फळी तापलेली असते, शिडीची पायरी तळव्यात रुतते, आणि खडकावरची कालवं पाय कापतात.

बूट आधी घ्यायचे, मग ते घालूनच फिन्सचं माप बघायचं. 3 मिलिमीटरच्या बुटाला नीट बसणारी फिन 5 मिलिमीटरच्या बुटाला घट्ट होते. छापलेलं स्मॉल-मिडियम कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे पहिली जोडी पायात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका, ऑनलाइन कितीही स्वस्त मिळाली तरी. संध्याकाळी जा, दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडं फुगलेलं असतं. बसून पाय उचला आणि घोटा जोरात हलवा. टाच आत सरकत असेल तर पाण्यात फोड येणार. बोटं पुढे दाबली गेली किंवा तळव्याच्या कमानीवर ताण आला, तर थोड्याच वेळात गोळा येणार. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून फिनचं टोक हाताने आपल्याकडे ओढायचं, हे कोर्समध्ये शिकवतातच. पण दर डाइव्हला गोळा येत असेल तर ते पातं तुमच्या पायांना जड आहे, दुसरं बघा. माझ्यासारख्या लहान पावलांच्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते. सेंटरच्या पेटीत लहान मापं कमी असतात, आणि सैल फिनमध्ये शिकताना आपल्याला पोहणंच जमत नाही असं वाटू लागतं. तसं काही नसतं, माप चुकलेलं असतं.

आता समुद्र. अंदमानचे व्हिडिओ बघून आलेल्यांना ग्रँड आयलंडचं हिरवट पाणी पाहून थोडं वाईट वाटतं. जवळच झुआरीचं मुख, पलीकडे मांडवीचं, गाळ इथे कायमचाच. कधी आठ-दहा मीटरवरचं दिसतं, कधी दोन-तीनसुद्धा नाही. सुझीज रेकसारख्या बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर मासे भरपूर असतात, पण एकाने पाय आपटले की तळ ढवळतो आणि मागच्या सगळ्यांचा डाइव्ह गढूळ होतो. म्हणून या पाण्यात वेगापेक्षा पायांवरचा ताबा मोठा. पाय वरखाली मारण्याच्या फ्लटर किकने पाणी खाली ढकललं जातं. फ्रॉग किकमध्ये गुडघे वाकवून पाय बाजूने मारायचे, पाणी मागे जातं आणि गाळ बसलेला राहतो. त्यासाठी पातं थोडं कडक, रुंद आणि फार लांब नसलेलं हवं. दुभागलेल्या पात्याच्या स्प्लिट फिन्स गुडघ्यांना सोप्या जातात, पण फ्रॉग किकला आणि मागे सरकताना त्यांचा जोर लागत नाही. गुडघे दुखत असतील तर जरूर घ्या, नाहीतर नको.

जाड रबराच्या जड जेटफिन्स 1960च्या दशकापासून चालत आल्या आहेत. अनुभवी डायव्हरच्या पायात दिसतात म्हणून नवख्यांनाही त्याच हव्या असतात. त्यांचा खरा फायदा थंड पाण्यात ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) घालणाऱ्यांना, कारण सूटमधल्या हवेने पाय वर तरंगतात. आपण इथे फार तर 3 मिलिमीटरच्या सूटमध्ये उतरतो. सडपातळ पायांना जड फिन लावली की पाय खाली लोंबतात आणि पात्याची टोकं तळ उकरत जातात. तरणतलावात बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) घालून पाण्याखाली आडवे व्हा आणि पाय अजिबात न हलवता थोडं थांबा. पाय बुडत असतील तर हलकी फिन घ्या, वर जात असतील तर जड.

नुसतं स्नॉर्कलिंगच करायचं असेल तर एवढा विचार नको. आखूड, मऊ पात्याची फुल फूट फिन घ्या, आत पातळ मोजा घाला. बॅगेत मावते, पायही दमत नाहीत.

याच क्षेत्रात काम करायचं ठरवलंत तर गणित पुन्हा बदलतं. पाडीच्या डाइव्हमास्टर कोर्सला वय 18 पूर्ण लागतं, सुरुवातीला 40 डाइव्ह आणि संपेपर्यंत 60. मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स लावून, हात न वापरता 800 मीटर पोहायचं असतं, घड्याळ लावून. दमलेल्या डायव्हरला 100 मीटर ओढतही न्यायचं. इथे मऊ पातं कमी पडतं. ज्या फिन्सवर परीक्षा द्यायची त्यांच्यावर निदान एक सीझन काढा, पायांना ते पातं पचलं पाहिजे.

घेतल्यावर सांभाळा. फिन पात्याच्या टोकावर उभी करून ठेवली की पातं वाकतं ते वाकतंच. दर वेळी गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुटांना बुरशी धरते, ते चार महिने त्यांना हवा लागेल असं ठेवा. एक जादा पट्टा बॅगेत असू द्या. आणि बोटीवर चढताना शिडी घट्ट धरल्याशिवाय फिन काढू नका. काढली की आधी वर तांडेलाच्या हातात द्या, मग पाय पायरीवर ठेवा.