इक्वलायझरला हात लावण्याआधी माइक सरकवा

गिटारचा अ‍ॅम्प माइकवर घेताना आवाज बोचरा वाटला की बहुतेकांचा हात आधी इक्वलायझरकडे, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांकडे जातो. त्याआधी माइक हलवून पाहा. स्पीकरच्या कोनच्या (थरथरणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या) मधोमध, जाळीपासून २-३ सेंटीमीटरवर ठेवलेला माइक सर्वांत तीक्ष्ण आवाज टिपतो. तोच कडेकडे नेला की ट्रेबल (वरचे, तीक्ष्ण सूर) उतरतो आणि आवाज मऊ होतो. बोटभर सरकवण्यानेही फरक पडतो, म्हणून एकाने वाजवावं आणि दुसऱ्याने हेडफोन लावून माइक हलवावा. १९६५पासून वापरात असलेल्या शुअर एसएम५७सारखा डायनॅमिक माइक (आत तारेची गुंडाळी असलेला, दणकट) या कामाला पुरतो. महागडा, जास्त संवेदनशील कंडेन्सर माइक हवाच असं मला वाटत नाही. असा एका दिशेचा माइक जितका जवळ न्याल तितका बेस फुगतो. हा प्रॉक्सिमिटी इफेक्ट. आवाज गढूळ झाला तर माइक १०-१५ सेंटीमीटर मागे घ्या.

गेन आणि व्हॉल्यूम यांची गल्लत मात्र करू नका. अ‍ॅम्पवरचा गेन आवाजाचा पोतच बदलतो. वाढवला की डिस्टॉर्शन येतं, म्हणजे आवाज फाटतो. मिक्सरवरचा गेन माइकचा क्षीण सिग्नल कामाच्या पातळीवर आणतो. गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवून घ्या आणि डिजिटल मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल असा तो लावा.

दोन माइक लावल्यावर आवाज पोकळ झाला, तर फेजची अडचण असते, म्हणजे दोन्ही माइकचे सिग्नल एकमेकांना मारतात. मिक्सरवर एका चॅनेलचं पोलॅरिटी बटण (सिग्नल उलटा करणारं) दाबा. बेस परत आला तर तसंच राहू द्या.